अठ्ठेचाळीस तासांत हरकत न आल्यास

काचीगुडा, हैदराबाद
२ ऑक्टोबर २०२५

शर्वरी,

आधी ‘चि. शर्वरी’ असं लिहिलं होतं, मग कागद बदलला. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर आशीर्वाद द्यावा की देऊ नये ते ठरेना, म्हणून नुसतं नाव.

तुझा मेल शिल्पानं छापून माझ्या हातात ठेवला. शिल्पा म्हणजे आपल्या बाजार महिला संघमच्या ऑफिसात हल्ली तुझ्या खुर्चीवर बसते ती मुलगी. हे पत्र मी मुद्दाम हातानं आणि मराठीत लिहितेय. पानांचे फोटो काढून तुला तीच पाठवील, पण तिचं मराठी दुकानाच्या पाटीपुढे जात नाही. आईवडील मराठी, शाळा इंग्रजी, मैत्रिणी तेलुगू. त्यामुळे ती इमानानं फोटो काढील आणि एक ओळ वाचणार नाही. मला सध्या असाच माणूस हवा आहे.

तर तुमच्या नेटवर्कला दहा वर्षं झाली. छान झालं. हवामान आणि स्त्रिया या विषयावर चाळीस देशांतल्या संस्था एका छत्राखाली आणणं सोपं नाही, ते मी जाणते. त्या छत्राच्या काही काड्या मीही धरल्या होत्या. आता अहवाल निघणार, नोव्हेंबरच्या जागतिक परिषदेत त्याचं प्रकाशन होणार, आणि मुखपृष्ठावर आमच्या राणीचा फोटो. डोक्यावर गोंगुऱ्याच्या भाजीची टोपली, कपाळावर घाम आणि तोंडभर हसू. खाली ‘उष्णतेवर मात करणारी स्त्री’. आणि मेलच्या शेवटी तुमची ती जुनी ओळ: पंधरा ऑक्टोबरपर्यंत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल. ती वाचून मी इतकी हसले की शिल्पा पाणी घेऊन आली.

राणीनं कशावर मात केली ते ऐक. दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, ती मलकपेठेतल्या डायलिसिस सेंटरला चार चार तास मशीनला लावलेली असते. मी सोबत जाते. गौलीगुड्याच्या मागच्या गल्लीतली तिची भाजीची जागा आता तिची जाऊ चालवते. डॉक्टर शहाणा आहे, एकच कारण सांगत नाही. म्हणतो, वर्षानुवर्षं कमी पाणी, दाबून धरलेली लघवी, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन, वर हे ऊन. त्या सेंटरात चार संडास आहेत, लख्ख धुतलेले. आणि राणीला आता दिवसाला तीन पेले पाणी, तेही मोजून.

२०१९च्या मेमध्ये तू स्वतः तिच्यासमोर फरशीवर बसून तिचं म्हणणं रेकॉर्ड केलं होतंस. मी शेजारी होते. ती म्हणाली होती, “सुबे चार बजे निकलतुं. रात कू सात बजे तक पानी नै पीती. पिये तो जाना कहाँ? मरदां दीवार देख के खड़े हो जाते, हमना कहाँ जाना? मेरेकू पंखा नक्को, छतरी नक्को. एक संडास बना के देओ, पानी मैं खुद पी लेतुं.” तू डोळे पुसले होतेस. तुझं ते खोटं नव्हतं, एवढं मी आजही म्हणेन.

मग सप्टेंबरात नेटवर्कचं निवेदन तयार झालं. त्यात राणीचं काय झालं होतं? ‘बाजारातील स्त्रियांमध्ये उन्हाळ्यात पुरेसे पाणी पिण्याविषयी जागरूकता कमी आढळते.’ आणि संडासाच्या जागी ‘लिंगभाव-संवेदी शीतन सुविधा’. कुणीतरी म्हणालं म्हणे की संडास हा स्वच्छतेच्या गटाचा विषय, हवामानाच्या निवेदनात शोभत नाही. त्याच कागदावरून निधीवाल्यांनी कामांची यादी केली आणि २०२२ साली आमच्या बाजारात एक शेड उभी राहिली. पाण्याचे तुषार उडवणारे चार पंखे, आणि भिंतीवर तीन भाषांत पाटी: भरपूर पाणी प्या. राणी आणि मी महापालिकेतल्या साहेबांकडे गेलो, संडास मागायला. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. म्हणाले, “मॅडम, तुमच्याच संस्थेची सही आहे. तुम्हीच हे मागितलंत.”

तो दिवस आणि त्यानंतरची आपली ऑनलाइन सभा तुझ्या लक्षात असेल. सगळ्यांसमोर मी तुला विमानातली कार्यकर्ती म्हणाले. राणीला विकून जर्मनीचं, बॉनच्या नोकरीचं तिकीट काढलंस असंही म्हणाले. त्यातला एक शब्द मी परत घेणार नाही.

आणि उगाच मला तुमच्या त्या पद्धतीची आठवण करून देऊ नकोस. मसुदा शुक्रवारी सगळ्या संस्थांना धाडायचा, अठ्ठेचाळीस तास द्यायचे, आणि रविवारपर्यंत कोणी हरकत घेतली नाही की झाला मंजूर. ‘गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे’ असं मुलींना जन्मभर शिकवणाऱ्या आपण बायका, आणि आपला स्वतःचा कारभार मात्र मौनावर. मी त्या शनिवार-रविवारी लातूरला लग्नाला होते, फोनला रेंज नव्हती, हे तेव्हाच सांगितलं आहे.

अठरा तारखेला इथं राज्याच्या उष्णता आराखड्यावर जनसुनावणी आहे. मी राणीला घेऊन उभी राहणार आहे. तिचं मूळ म्हणणं शब्दन् शब्द वाचलं जाईल, आणि ते कुणी बदललं तेही. वेळेवर कळवावं म्हणून कळवलं.

आज दसरा. आमच्याकडे सोनं द्यायला कुणी आलं नाही, तुला तिकडे तरी कुणी दिलं असेल अशी आशा आहे.

अनुराधा कानडे


६ ऑक्टोबर

शर्वरी,

माझ्या चार पानांना तुझं उत्तर चार ओळींचं. “ताई, मी मुखपृष्ठ थांबवायचा प्रयत्न करते, पण नियमाप्रमाणे हरकत राणीकडून किंवा संघमकडून यायला हवी, तीही पंधराच्या आत. सुनावणीत माझं नाव घ्या, मी नाकारणार नाही. फक्त त्याआधी राणीला त्या शनिवारचं सांगा. तुम्ही सांगा, मी सांगणार नाही.”

हे वाचून आधी मला वाटलं, ही मला धमकी देते आहे. दिवसभर तसंच वाटत होतं. पोळी करपली, शेजारच्या मालतीवहिनींवर पाण्याच्या मोटरवरून खेकसले. संध्याकाळी तुझ्या ओळी परत वाचल्या. धमकी नव्हती, त्यामुळे जास्तच चीड आली.

ठीक आहे. तुझ्यापुरतं तरी लिहून टाकते, तुला माहीत आहेच म्हणा.

लातूरला लग्न होतं. पण मी गेले नव्हते. मी इथं काचीगुड्यात, याच टेबलाशी होते. तू बँकॉकच्या बैठकीला गेली होतीस. शुक्रवारी रात्री तुझा फोन आला, “ताई, यंदाच्या जागतिक परिषदेच्या मोठ्या सभेत बोलणाऱ्यांत तुमचं नाव जवळजवळ नक्की आहे, पासपोर्टची कॉपी पाठवा.” शनिवारी सकाळी मेल उघडला. एक तुझा, पासपोर्ट मागणारा. त्याच्या खाली मसुदा. मी मसुदा वाचला, अठ्ठावीस वर्षं कॉलेजात पेपर तपासलेली बाई मी, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. ती जागरूकतेची ओळ मी दोनदा वाचली. संडास शोधला, कुठं नव्हता.

हरकतीचं उत्तर लिहायला घेतलं होतं. तीन ओळी झाल्या होत्या. मग मनात आलं, आत्ता भांडण काढलं, तर मसुदा अडकेल, चाळीस संस्था नाराज होतील, आणि यादीतून नाव जायला काय वेळ लागतो. मनाला समजावलं की तिथं जाऊन मी तोंडानंच सांगेन की, जगासमोर. कागदावर नसलं तर काय झालं. त्या तीन ओळी पुसल्या आणि तुला पासपोर्टची कॉपी पाठवली. दुपारी सव्वाबारा वाजता.

परिषदेत मला सात मिनिटं मिळाली. मी संस्थांच्या जाळ्यांविषयी बोलले, बहिणाप्याविषयी बोलले, संडासाला वेळ उरला नाही. टाळ्या चांगल्या पडल्या. तुझ्या फोनमध्ये त्याचा व्हिडिओ असेल, माझ्या फोनमध्ये होता, गेल्या उन्हाळ्यात काढून टाकला.

आणि २०२२च्या त्या सभेत मी तुला नको नको ते बोलत असताना तुला फक्त तो सव्वाबाराचा मेल सगळ्यांना पुढे पाठवायचा होता. तू पाठवला नाहीस. कॅमेरा बंद केलास आणि ऐकत राहिलीस. तुला वाटलं असेल, ताईंची लाज राखली. मला तुझा त्याचाच सगळ्यात जास्त राग आहे. माणूस भांडला तर फिटंफाट होते, असं कुणी सांभाळून घेतलं की जन्मभर त्याच्यासमोर मान वर करता येत नाही. मी तुझ्याशी अबोला धरला तो राणीसाठी नव्हे, ह्यासाठी धरला.

तूही काही देवता नाहीस. मसुद्यातून संडास काढणारा हात तुझाच होता, गटाच्या नावाखाली लपू नकोस. पुण्याहून नवऱ्याच्या, प्रथमेशच्या नोकरीमागे इथं आलेली पोर, तुला दख्खनी कळायला मी वर्षभर बाजारातून हिंडवलं. ती भाषा कळून तू राणीच्या तोंडची ओळ अशी फिरवलीस, हे मी विसरणार नाही.

राणीला सांगीन. या शुक्रवारी सांगते.

अनुराधा


१० ऑक्टोबर, शुक्रवार

शर्वरी,

सांगितलं नाही.

सांगायचं ठरवूनच गेले होते. रिक्षात दोनदा म्हणूनही पाहिलं. पण राणी आज खुशीत होती. वजन फारसं वाढलं नव्हतं, सिस्टरनं शाबासकी दिली होती. मशीन सुरू झालं आणि तिनं उशीखालून कागद काढला. जावेच्या मुलीकडून तिनं आपलं बोलणं तेलुगूत लिहून घेतलंय, अठरा तारखेसाठी. मला म्हणाली, “टीचरम्मा, सुनो, कित्ते मिनट होते देखो.” आणि वाचायला लागली. पाच मिनिटं झाली. मी म्हटलं, तीनच मिळतील. तर म्हणे, “तीन नै होता. छे साल से चुप बैठी हौं.”

मग विचारलं, “वो शर्वरी मॅडम आते क्या? आये तो मूँ पे पूछतुं. रो के गये थे, फिर कायकू बदले?” मी म्हटलं, ती बॉनला असते, नाही यायची. त्यावर ती म्हणाली, “आप तो हैं ना मेरे बाजू में.” पलीकडच्या खाटेवर केशवराव म्हणून एक निवृत्त तहसीलदार असतात, त्यांनाही तिनं माझी ओळख करून दिली. “ये हमारे टीचरम्मा. सारा बाजार छोड़ दिया मेरेकू, ये नै छोड़े.”

अशा वेळी काय सांगू? नळ्यांतून रक्त फिरतंय, ब्लड प्रेशर मिनिटात खाली येतं. तिची तब्येत सांभाळायची म्हणून गप्प बसले, असं मी रिक्षात स्वतःला सांगितलं. आपली कारणं कशी नेहमी दुसऱ्याच्या भल्याची असतात बघ. २०१९मध्येही मी राणीच्या भल्यासाठीच गप्प बसले होते.

खरं ते लिहिते. मला भीती वाटते. माझं एकसष्ट संपलं, नवरा गेला, पराग टोरंटोत, महिन्यातून एकदा ‘आई, बरी आहेस ना’ एवढा त्याचा फोन. आठवड्यातले तीन दिवस माझी कुणीतरी वाट बघतं ते त्या सेंटरात. आणि आणखी एक, तेही लिहून टाकते म्हणजे सुटले. अठरा तारखेसाठी मी माझं भाषण तयार केलं आहे. राणीच्या पाच मिनिटांपेक्षा ते मोठं आहे. त्यात तू आहेस, निधीवाले आहेत, साहेब आहेत. मी कुठंच नाही. लिहिताना मला फार बरं वाटत होतं, सात मिनिटांच्या त्या भाषणापेक्षाही बरं. तुम्ही तिला मुखपृष्ठावर लावताय आणि मी तिला शेजारी उभी करतेय, यात फरक किती ते तूच सांग. नको, सांगू नकोस.

सोमवार हा पंधराच्या आतला शेवटचा आमचा दिवस नाही, बुधवारही आहे. पण बुधवार म्हणजेच पंधरा. सोमवारी सांगितलं नाही तर मी सांगणार नाही, हे मला माहीत आहे.

अनुराधा


१३ ऑक्टोबर, सोमवार

शर्वरी,

सांगितलं. मशीन लावायच्या आधी, बाहेरच्या बाकावर, वजन करून झाल्यावर.

तिला मेल, मसुदा हे शब्द समजावत बसले नाही. म्हटलं, राणी, तुझी गोष्ट बदललेला कागद छापायच्या आधी माझ्याकडे आला होता. मी तो वाचला होता. नको म्हणायला मला दोन दिवस होते, मी म्हटलं नाही. परदेशात भाषणाला बोलावणार होते, ते जाईल म्हणून. लग्नाचं खोटं सांगितलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं विचारलं, “दो दिन?” मी हो म्हटलं. “नै बोलने कू कित्ता लिखना पड़ता था?” मी म्हटलं, एक ओळ. तिनं मान हलवली, भाव ऐकून गिऱ्हाईक हलवतं तशी. मग हाताच्या फिस्टुलावरून, सुया टोचतात त्या फुगलेल्या शिरेवरून, बोट फिरवत बसली.

मग म्हणाली, “जब साहब बोले के आपकेच लोगां लिख के दिये, तब आप मेरे बाजू में खड़े थे. मैं साहब कू गाली दी. आप कुछ नै बोले.” मला हे आठवतही नव्हतं. तिला आठवत होतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, “माफी का क्या करना मैं, टीचरम्मा? पानी तो पी नै सकती अब.” हे तिनं चिडून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं, त्यामुळे मला तिथं बसवेना आणि उठवेनाही.

सिस्टरनं आत बोलावलं. मी नेहमीसारखी तिची पिशवी उचलायला गेले, तिनं आधीच उचलली होती. दाराशी थांबून तिनं जे सांगितलं ते क्रमानं लिहिते, म्हणजे माझ्याकडून त्यात काही बदलायला नको. फोटो छापायचा नाही, तुमच्या अहवालात तिचं नाव कुठंही नको. ही तिची हरकत आहे. तिच्या अंगठ्याचा नाही, तिच्या सहीचा कागद शिल्पा सोबत पाठवते आहे. शिल्पालाच तिनं फोन करून बोलावून घेतलं. अठरा तारखेला ती सुनावणीला जाणार, जाऊ आणि बाजारातल्या बायकांबरोबर. बोलणार ती एकटीच. “आप नक्को आओ,” म्हणाली. आणि बुधवारपासून सेंटरलाही नको, जाऊ येईल.

मी विचारलं, माझंही सांगणार का? “हौ,” म्हणाली. “पूरा बोलतुं. आधा बोलने का क्या होता वो देख ली ना मैं.”

मग तिनं तो तेलुगूतला कागद काढला आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाली, “वो दिन की तारीख लिख के देओ. गलत बोली तो लोगां झूटी बोलते.” मी भिंतीला कागद टेकवून तेलुगूत लिहिलं, चौदा सप्टेंबर दोन हजार एकोणीस, शनिवार. अक्षर वाकडं आलं, तिनं परत लिहायला लावलं. खाली माझं पूर्ण नावही लिहून घेतलं, सहा वर्षांत तिला ते कधी लागलं नव्हतं.

मी विचारलं, शर्वरीचं लिहू का? म्हणाली, ते पाठ आहे.

अनुराधा